खंदक, पूल आणि दोन बुरूज

एरंडोलला पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचे हे ठरलेले असते. पद्मालयाचा गणपती, गावातला पांडववाडा आणि हौस असेल तर फरकांड्याचे झुलते मनोरे. पारोळ्याचा किल्ला या यादीत सहसा येत नाही, धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर अवघ्या वीसेक किलोमीटरवर असूनही. पारोळ्याला माणसे जातात ती बालाजीच्या रथाला, झपाट भवानीच्या दर्शनाला, नाहीतर सोयरिकीच्या कामाला. किल्ला आहे भुईकोट, तोही भर वस्तीत. डोंगरी किल्ल्यासारखा तो लांबून मान उंचावून हाक मारत नाही. बाजाराच्या गर्दीतून वाट काढत गेलात तर एकदम समोर काळा तट येतो.

मला या किल्ल्याविषयी लिहायचे आहे ते त्याच्या दारामुळे. आत महादेवाचे मंदिर आहे, बालेकिल्ल्याचे अवशेष आहेत, आणि इथून निघणाऱ्या भुयारातून घोडेस्वार दूरवर जाई अशी कथा गावात सगळे सांगतात. ते सगळे पाहावेच. पण खानदेशात एक गोष्ट समजून घ्यायला पारोळ्याइतकी चांगली जागा नाही: पूल आणि बुरूज यांची जोडी. किल्ल्याला चौफेर खंदक, खंदकावर उचलता पूल आणि पुलाच्या आतल्या तोंडाशी दोन्ही बाजूंना मोठे बुरूज, अशी या प्रवेशाची मूळ रचना होती. पूल आता नाही. नसलेला पूल डोळ्यांपुढे उभा करूनच हे दार वाचावे लागते.

युरोपात अशा जोड्या अनेक शहरांनी जपल्या आहेत. लोक तिकीट काढून त्या बुरुजांवर चढतात, वरून नदी पाहतात. आपल्याकडे त्या नाहीत असे वाटत असेल तर तो पाहण्यातला दोष आहे. आहेत, फक्त त्यांचा कुठला ना कुठला भाग आपण पुसून टाकला आहे.

आधी ही रचना काम कशी करते ते पाहू. सरळ तटावर उभ्या असलेल्या शिपायाला तटाच्या पायथ्याशी बिलगलेला माणूस दिसत नाही. पाहायचे तर त्याला बाहेर वाकावे लागते आणि वाकला की तो स्वतः गोळीच्या टप्प्यात येतो. म्हणून बुरूज तटाच्या पुढे काढतात. पुढे आलेल्या बुरुजातून तटाची लांबच्या लांब बाजू नजरेत येते. दाराच्या दोन्ही अंगांना असे बुरूज असले की मधली जागा दोन्हीकडून माऱ्यात येते, आणि दारापुढे उभा राहिलेला माणूस डावीकडे वळला तर उजवा बुरूज त्याची पाठ पाहतो. बुरूज गोल ठेवण्याचेही कारण आहे. चौकोनी बांधकामाचा कोपरा तोफेच्या गोळ्याने आधी ढासळतो. गोलाव्याला कोपराच नसतो, आणि तिरका बसलेला गोळा पुष्कळदा घसरून जातो.

यात पुलाचे काम काय? पूल शत्रूची रुंदी ठरवतो. खंदकापलीकडे पाच हजार माणसे उभी असली तरी पुलावर एका वेळी मावणार चारच. शिवाय दार फोडायला हत्ती आणायचा तर त्याला धाव घ्यायला जागा लागते. कवाडांवरचे अणकुचीदार खिळे हत्तीसाठी असतात हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. पण हत्तीला खिळ्यांपर्यंत पोचूच न देणे हे खंदकाचे काम, आणि पूल उचलून घेतला की ते काम पुरे होते. दगडी पूल उचलता येत नाही. म्हणून जिथे पूल दगडी, तिथे बुरूज अधिक दणकट आणि कवाडे अधिक जाड. जिथे खंदक अरुंद, तिथे लाकडी फळ्यांचा पूल पुरतो आणि तो संध्याकाळी वर घेता येतो.

एवढे सगळे असूनही रोजच्या दिवशी हे दार लढाईचे नसते. बाजाराला येणारी बैलगाडी, जकातीचा कारकून, देवडीवरचा पहारेकरी, दिवस मावळल्यावर मोठी कवाडे बंद झाली की एका माणसापुरता उघडणारा दिंडी दरवाजा, हे त्याचे खरे आयुष्य. लढाई वर्षानुवर्षांतून एकदा येते. पण ज्या दिवशी ती येते त्या दिवशी दाराच्या आतल्या चार हातांत काय होऊ शकते, हे आपल्या खानदेशाने तापीकाठी थाळनेरला पाहिले आहे.

थाळनेर ही फारुकी सुलतानांची पहिली राजधानी, आज शिरपूर तालुक्यातले गाव. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेशातला मुलूख इंग्रजांना दिला, आणि इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉप किल्ला ताब्यात घ्यायला २७ फेब्रुवारीला थाळनेरपुढे आला. किल्लेदार तुळशीराम मामांनी किल्ला सोडायला नकार दिला. तोफांचा मारा झाला, बाहेरचे दरवाजे पडले, किल्लेदार बाहेर येऊन शरणही गेले. त्यानंतर शेवटच्या दारातल्या दिंडीतून मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मोजक्या शिपायांसह आत शिरले. आतल्या शिबंदीशी बोलणे धड झाले नाही. कोण शरण आले, कोण नाही, अटी काय, हे त्या चिंचोळ्या जागेत कोणालाच कळेना. शस्त्रे चालली, दोन्ही अधिकारी पडले. पाठोपाठ इंग्रज फौज घुसली आणि सुमारे तीनशेंची शिबंदी कापून काढली गेली. तुळशीराम मामांना त्याच दिवशी फाशी दिले. शरण आलेल्या किल्लेदाराला फाशी देण्याचा हा प्रकार लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेला. हिस्लॉपच्या फौजेचे आभार मानताना तिथल्या सभासदांनी थाळनेरची घटना मुद्दाम वगळली. माझ्या मते खानदेशच्या इतिहासातले हे सर्वांत दुःखद दार आहे, आणि शाळेच्या सहली तिथे जायला हव्यात.

पारोळ्याचे दार त्या मानाने सुदैवी. पन्नासेक घरांच्या खेड्याचे तटबंद गाव झाले ते जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांच्या हातून, आणि किल्ला १७२७ चा मानतात. लांबी सुमारे १६० मीटर, रुंदी सुमारे १३०. हे माप तसे लहान आहे, पण रचनेत काही उणे नाही. इंग्रज अंमलदारांनीसुद्धा सपाटीवरच्या किल्ल्यांचा उत्तम नमुना म्हणून याची नोंद केली. झाशीच्या नेवाळकरांचे पारोळ्याशी जवळचे नाते. राणी लक्ष्मीबाईंचे सासर त्याच घराण्यातले, आणि पारोळेकर ही गोष्ट अजून अभिमानाने सांगतात.

१८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचा पोलिटिकल एजंट म्हणून धुळ्याला बसला. फेरिश्ताच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर करणारा ब्रिग्ज तो हाच. १८२१ साली पारोळ्यात त्याच्यावर जीवघेणा हल्ला करण्याचा प्रयत्न झाला. त्यात लालजी सखाराम या तेव्हाच्या जहागीरदारांचा हात असल्याचे ठरवून गाव आणि किल्ला दोन्ही सरकारजमा झाले. पुढे सत्तावनच्या उठावाने इंग्रजांना तटबंदीची धास्ती बसली, आणि १८५९ मध्ये पारोळ्याच्या किल्ल्याची मोडतोड करण्यात आली. देशभर तेव्हा हेच चालले होते. ज्या भिंतीआड माणसे गोळा होऊ शकतात ती भिंत नको, एवढा साधा हिशेब होता.

म्हणजे आज दिसतो तो किल्ला काळाने जीर्ण झाला तेवढाच नाही, तो जाणूनबुजून पांगळा केलेला आहे. हे ध्यानात घेऊन पाहिले की तट कुठे आपोआप ढासळला आणि कुठे पाडला असेल, याचा शोध घेण्यात तास सहज जातो.

दारासमोर मी बराच वेळ उभा होतो. खंदकाची रेघ कुठून कुठवर गेली असेल याचा अंदाज घेत होतो. खंदकाच्या कडेला बाजार सरकत आलेला, मध्ये सांडपाणी, कचरा, झुडपे. भाजी घेऊन निघालेल्या एका आजी थांबल्या.

‘काय देखी राहिनात भाऊ?’

‘पूल देखी राहिनू, आजी.’

‘अठे कसाना पूल?’

आजींचे म्हणणे बरोबरच होते. त्यांच्या आईने, आजीनेही तिथे पूल पाहिला नसणार. पूल पाहायला खंदक दिसावा लागतो, आणि खंदक बुजत गेला की बुरूज म्हणजे नुसता दगडांचा ढीग उरतो. एवढा मोठा गोल दगडी अवयव इथे का, असा प्रश्नही मग कोणाला पडत नाही. आपल्याकडे जुन्या वास्तूची डागडुजी म्हणजे कमान नीट करणे, दगड धुणे, दिवे लावणे. खंदकाची पोकळी ही वास्तूचाच भाग आहे हे मनात येत नाही, कारण पोकळीला कोणी बांधलेले मानत नाही. खरे तर ती बांधलेलीच असते. शेकडो माणसांनी कुदळीने खणून काढलेली माती, आणि तिचा प्रत्येक हात तटाच्या उंचीइतकाच मोजून घेतलेला. पारोळ्यात मला हेच सारखे जाणवत राहिले. दोन बुरूज राखले आणि मधली-पुढची पोकळी गमावली, तर आपण अर्धेच राखले.

ही पोकळी जपली तर काय होते ते पाहायला प्रागला जावे लागेल. व्ल्टावा नदीवरचा तिथला पहिला दगडी पूल १३४२ च्या पुरात वाहून गेला. चौथ्या चार्ल्स राजाने १३५७ मध्ये नव्या पुलाचा पाया घातला, आणि जुन्या शहराच्या बाजूला पुलाच्या पहिल्याच खांबावर पेत्र पार्लेर या स्थपतीने बुरूज उभारला. पलीकडच्या काठावर दोन बुरूज आहेत, त्यातला बुटका हा आधीच्या पुलाच्या काळचा आणि उंच पंधराव्या शतकातला. पूल ५१६ मीटर लांब, १६ कमानींचा. आज तो चार्ल्स पूल म्हणून ओळखला जातो.

हे बुरूज नुसते शोभेचे नव्हते. १६२१ साली बोहेमियातला उठाव फसल्यावर सत्तावीस पुढाऱ्यांना शहराच्या चौकात मारले आणि त्यांतल्या बारा जणांची मस्तके जुन्या शहराकडच्या बुरुजावर टांगली. ती दहा वर्षे तिथे होती. पुलावरून बाजाराला जाणारा प्रत्येक माणूस दहा वर्षे त्यांच्याखालून गेला. पुढे १६४८ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धाच्या अखेरीस, स्वीडिश फौजेने पलीकडचा काठ घेतला पण पूल ओलांडून तिला जुन्या शहरात शिरता आले नाही. नागरिक आणि विद्यार्थी पूल अडवून लढले. तोफांच्या माऱ्यात बुरुजाच्या नदीकडच्या बाजूवरची सगळी मूर्तिकला उडाली. ती बाजू आजही बोडकी आहे, आणि शहराकडची बाजू मूर्तींनी भरलेली. एकाच बुरुजाची दोन तोंडे पाहिली की कोणत्या बाजूने शत्रू आला ते सांगायला फलक लागत नाही.

तरीही प्रागकडून शिकावे असे मला वाटते ते आणखी वेगळे. या पुलावरून घोड्यांची ट्राम गेली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही वर्षे विजेची ट्राम गेली, मग बस आणि मोटारी गेल्या. १९६५ पासून तो फक्त पायी चालणाऱ्यांचा झाला. शहराने वाहनांना दुसरीकडून वाट दिली. त्यामुळे आज तिथे माणूस पुलावरून चालत बुरुजाकडे येतो, कमानीखाली थांबतो, मग आतल्या जिन्याने वर जाऊन आपण आलो ती वाट पाहतो. हीच खरी भेट. पूल, पाणी आणि बुरूज यांचा संबंध पायांना कळतो.

महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळची जागा कोणती असे मला विचाराल तर मी खाम नदीकाठचे तीन दरवाजे सांगेन: मकाई, महेमूद आणि बारापुल्ला. एरंडोलहून भडगाव, चाळीसगाव करत कन्नडचा घाट चढला आणि दौलताबादवरून छत्रपती संभाजीनगरात शिरले की छावणी ओलांडून शहराकडे येताना खाम नदी आडवी येते. ही नदीच शहराचा पश्चिमेकडचा खंदक. मलिक अंबर या हबशी मुत्सद्द्याने १६१० मध्ये खडकी गावी हे शहर वसवले. मुलगा फत्तेखान याने त्याला फत्तेनगर म्हटले, औरंगजेबाने औरंगाबाद, आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झाले. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने औरंगजेबाने १६८२ मध्ये शहराभोवती तट बांधवला. बावन्न दरवाज्यांचे शहर अशी त्याची ख्याती. आज त्यांतले थोडेच उभे आहेत.

पण नदीवरच्या या दरवाज्यांचे वैशिष्ट्य असे की पूल आणि दरवाजा दोन्ही जागेवर आहेत. मकाई दरवाजा पाहा. दोन्ही अंगांना बुरूज, त्यांच्या माथ्यावर आणि मधल्या गच्चीवर टोकदार चर्या, मध्ये टोकदार कमान, कमानीच्या वर दोन्ही तोंडांना कोनाडे आणि सज्जे. भिंतीतून पुढे काढलेल्या दगडांना खोबणी आहेत, त्या खोबणींत कवाडे फिरायची. दरवाज्याचे तोंड थेट पुलाकडे. पुलाचा रस्ता नदीच्या तळापासून सुमारे चौदा फूट उंच, आणि पाण्याच्या दोन्ही बाजूंना तो बराच लांबवर नेलेला. पुरात काठ खचला तरी वाट तुटू नये म्हणून हे केले असणार. प्रागच्या बुरुजाइतकी याची उंची नाही, कोरीवकामही नाही. रेखीवपणात मात्र तो उणा नाही, आणि पारोळ्यात जे कल्पनेने पाहावे लागते ते इथे डोळ्यांनी दिसते.

महेमूद दरवाजा पाणचक्कीला लागून आहे. पाणचक्की पाहायला येणारे पर्यटक याच कमानीजवळून जातात, आणि बहुतेकांचे लक्ष पिठाच्या जात्याकडे असते. बारापुल्ला छावणीच्या वाटेवर. तिन्ही पुलांवरून पिढ्यान् पिढ्या शहराची वाहतूक गेली: विद्यापीठाची मुले, घाटी रुग्णालयात निघालेले रुग्ण, रिक्षा, मालाचे ट्रक. बैलगाडी आणि पालखीच्या मापाच्या कमानीतून ट्रक जाऊ लागला की काय होणार? दगड घासतात, चाकांचे हादरे चुन्याच्या सांध्यांत उतरतात. शेजारून पर्यायी पूल हवेत ही या शहराची जुनी मागणी आहे, आणि ती रास्त आहे. सकाळच्या घाईत कमानीखाली अडकलेल्या माणसाला दरवाजा म्हणजे खोळंबा वाटला तर त्याला दोष देता येत नाही. त्याला दुसरी वाट देणे हेच दरवाज्याचे खरे रक्षण.

स्मार्ट सिटीच्या कामात अलीकडे काही दरवाज्यांची डागडुजी झाली, चुन्याने सांधे भरले गेले. खाम नदी साफ करण्याचे कामही गेल्या काही वर्षांत महापालिका, छावणी परिषद आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून हाती घेतले. या दोन कामांची सांगड मला फार महत्त्वाची वाटते. नदी नाल्यासारखी वाहत असताना कोणी पुलावर थांबत नाही, आणि पुलावर थांबल्याशिवाय दरवाजा समोरून दिसत नाही. पात्र स्वच्छ झाले की दरवाज्याला त्याचे अंगण परत मिळते.

पारोळ्याला एवढा मोठा खर्च लागणार नाही. खंदकाचा दारासमोरचा तुकडा तेवढा आधी मोकळा व्हावा. सगळा घेर एकदम नको, दाराच्या दोन्ही बाजूंचे दोन बुरूज आणि त्यांच्यापुढची पोकळी, एवढेच. बाजारातल्या माणसांना हुसकून नव्हे, त्यांना जवळच चांगली जागा देऊन, कारण गावाच्या जीवावरच किल्ला टिकतो. सांडपाणी वळवावे, गाळ काढावा, तळ लागेपर्यंत खणावे. खणताना पुलाचे जुने टेकू, खांबांच्या खाचा, साखळीचे दगड मिळाले तर ते मोजून, चित्रे काढून जागेवरच ठेवावेत. खंदकावरून पायी जाण्यापुरता साधा लाकडी पूल टाकावा. आणि बुरुजावर जाण्याची वाट पक्की करून कठडा लावावा, म्हणजे एरंडोल, अमळनेर, धुळ्याच्या शाळांना वर्षातून एकदा मुले इथे आणता येतील.

जायचे असेल तर सकाळी लवकर जा, बाजार भरण्याच्या आधी. आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा, जमेल तेवढी तटाच्या पायथ्याने, आणि दर बुरुजापाशी थांबून तिथून पुढचा बुरूज दिसतो का ते पाहा. मग दारासमोर या. कमानीत शिरण्यापूर्वी उजव्या आणि डाव्या बुरुजाच्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोके, कोणत्या दिशेने रोखल्या आहेत ते ताडा. बहुतेकांची रेषा तुम्ही उभे आहात तिथेच येऊन मिळेल. आत गेल्यावर मागे वळून देवडी पाहा, कवाडांच्या खोबणी आणि अडसराच्या भोकांची जागा शोधा. दुपारपर्यंत किल्ला पाहून होतो. हाताशी दिवस असला तर तिथून अमळनेरवरून तापीकाठी थाळनेरला जाता येते. फारुकी सुलतानांच्या कबरी तिथेच आहेत, आणि किल्ल्याचे जे काही उरले आहे तेही.